सहा नट, दोन बोटं

"पाना गोदूकडे दे," आप्पा म्हणाले.

फत्तेसिंगने तोवर बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. फाटकी सतरंजी गाडीखाली अंथरली होती, मागची दोन्ही चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली होती आणि दहा नंबरचा पाना रुमालानं पुसून हातात घेतला होता. आप्पांचे शब्द ऐकूनही तो क्षणभर पुसतच राहिला.

"गोदूकडे?"

"तिच्याकडेच. ऐकू येत नाही?"

आप्पा, म्हणजे मानाजीराव, शेडच्या तोंडाशी वेताच्या खुर्चीत बसले होते. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट मांडीवर दाबून धरलं होतं. श्रावणात डॉक्टरांनी त्या थरथरीला कंपवात हे नाव दिलं, आणि तेव्हापासून ते मनगट असंच, पळून जाईल म्हणून धरून ठेवल्यासारखं धरत.

"तिला काय माहीत त्यातलं?" फत्तेसिंग म्हणाला. "ती आत्ता नंजनगूडच्या बसमधून उतरली. कॉफीसुद्धा प्यायली नाही."

"मग पिऊ दे. तेल काय पळून जातं का?"

सकाळी सहाला फत्तेसिंगनंच गाडी कुक्करहळ्ळीच्या तळ्यापर्यंत नेऊन आणली होती. तेल गरम असताना पातळ होतं आणि गाळ घेऊन खाली येतं, म्हणून. ते आता थंड होत चाललं होतं, आणि कॉफी पिऊन झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नव्हता.

सरस्वतीपुरमच्या त्या घरात दुर्गाष्टमीची सकाळ एकवीस वर्षं अशीच येत होती. आजोबा खंडोजीराव हे महाराजांच्या घोडदळात होते, तेव्हा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घोड्याचे खूर साफ करून त्यांना तेल चोळायचं आणि ज्यानं चोळलं त्यानंच दशमीला स्वार व्हायचं, असा घरचा रिवाज होता. घोडदळ गेलं, संस्थान गेलं, राज्यांच्या हद्दी नव्यानं आखल्या गेल्या. एकसष्ट साली कोडगूचा कॉफीमळा विकून मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून मानाजीरावांनी ही फिकट निळी फोक्सवॅगन घेतली, तिला 'घोडी' म्हणायला सुरुवात केली, आणि रिवाज तिच्याकडे आला. अष्टमीला जो तिचं तेल बदलेल, तो दशमीला, नवमीला पूजलेल्या तलवारीपुढची चावी उचलेल आणि वर्षभर गाडी त्याची.

एकवीस वर्षं तेल मानाजीरावांनीच बदललं आणि चावीही त्यांनीच उचलली. फत्तेसिंग गाडीखाली त्यांच्या शेजारी पडून तबक धरत असे. या वर्षी मनगटाचं असं झाल्यावर पुढचं कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण गृहीत सगळ्यांनीच धरलं होतं. फत्तेसिंगच्या बायकोनं, भागीरथीनं, तर गौरीच्या आधीच सीटना नवी कव्हरं शिवून ठेवली होती, बदामी रंगाची, कडेला तपकिरी गोट लावून.

ती आता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"वन्सं, ती साडी खराब होईल हो तुमची."

"तुझी एखादी जुनी दे की, वैनी," गोदावरी म्हणाली.

"माझ्या जुन्या सगळ्या भांडेवालीला दिल्या," भागीरथी म्हणाली आणि आत गेली.

गोदावरीनं पदर खोचला, बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या आणि भावासमोर, अण्णासमोर हात पसरला. फत्तेसिंगनं पाना तिच्या तळहातावर ठेवला. तो तिथं जरा जोरातच बसला.

*

गाडीखाली आकाश नव्हतं, फक्त काळं पोट होतं आणि गरम लोखंडाचा वास. गोदावरी पाठीवर सरकत आत गेली. चौतीस वर्षांच्या आयुष्यात ती इथं पहिल्यांदाच आली होती.

लहानपणी अष्टमीला ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून फक्त चार पाय बघायची. आप्पांचे दोन, अण्णाचे दोन, शेजारी शेजारी, गाडीखालून बाहेर आलेले. आतून आवाज यायचे, कधी आप्पांचं हसणं. आप्पा घरात हसत नसत. त्या गाडीखाली असं काय आहे की तिथं ते हसतात, हे तिला बघायचं होतं. "मी येऊ?" असं तिनं एकदा विचारलं होतं. आईनं तिच्या हातात निवडायला मेथीची जुडी दिली होती. पुढं ती भौतिकशास्त्र शिकली, नंजनगूडच्या कॉलेजात शिकवायला लागली, तिथल्याच कारखान्यातल्या गंगाधररावांशी लग्न करून राहिली. पण मेथी निवडताना अजूनही तिला ते चार पाय आठवत.

"दिसतं का?" बाहेरून आप्पांचा आवाज आला.

"दिसतं. गोल चकती आहे. मध्ये एक मोठा बोल्ट, भोवती सहा छोटे नट."

"तेच. हे इंजिन वाऱ्यावर थंड होतं. पाणी नाही. म्हणून सगळी मदार तेलावर. बाकीच्या गाड्यांना फिल्टरची डबी असते, फेकली की झालं. हिला जाळी. धुवायची आणि परत लावायची. अण्णा तबक धरेल. आधी मधला बोल्ट."

फत्तेसिंग दुसऱ्या बाजूनं आत आला. बहीणभाऊ इतक्या जवळ कित्येक वर्षांत आले नव्हते. त्यानं तबक बरोबर बोल्टखाली धरलं, तिला सांगावं लागलं नाही. काळं तेल दोरीसारखं खाली आलं, मग दोरी बारीक झाली, मग थेंब.

"तू दरवर्षी एवढा वेळ हे धरून असायचास?" तिनं विचारलं.

"एवढाच."

"हात भरत नाही?"

"हात जड आहे माझा," तो म्हणाला. "जड हाताला काय होतं?"

घरात हे वाक्य मिठासारखं वापरलं जाई. चौसष्ट साली, एकदाच, आप्पांनी एकोणीस वर्षांच्या फत्तेसिंगला नट आवळायला दिले होते. तिसऱ्या नटावर इंजिनातला स्टड, म्हणजे ज्यावर नट फिरतो ती खुंटी, आट्यांसकट उपटून त्याच्या हातात आली. "तुझा हात जड," आप्पा म्हणाले, आणि त्यानंतर तबक. कप फुटला, शाईची दौत कलंडली, रेडिओचं बटण निघालं, की कुणीतरी ते म्हणायचंच. त्याच्या लग्नात गुंडेरावकाकांनी भर पंगतीत भागीरथीला बजावलं होतं, "याच्या हातात काचेचं काही देऊ नकोस हो."

सहा नट निघाले. चकती निघाली, तिच्यामागून जाळी. जाळीत बारीक राखाडी चिखल आणि दोन-चार चमकते कण होते. गोदावरीनं ते बोटावर घेऊन उजेडाकडे धरले. तिनं जाळी रॉकेलात धुतली. चकतीवर चिकटलेलं जुनं कागदी गॅस्केट सुरीनं न खरवडता बांबूच्या कामटीनं सोडवलं; ओरखडा राहिला तर तिथून तेल झिरपेल, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवं गॅस्केट, जाळी, पुन्हा नवं गॅस्केट, चकती, तांब्याचे सहा वॉशर. सगळं जिथल्या तिथं बसलं.

"आता नीट ऐक," आप्पा म्हणाले. "पाना शेंड्याला धरायचा नाही. तोंडाशी धर. दोन बोटं."

"अंतर कमी म्हणजे जोर कमी," ती म्हणाली.

"ते तुझं पुस्तकातलं. दोन बोटं. एक नट झाला की त्याच्या समोरचा. चारही बाजूंनी सारखं बसलं पाहिजे."

तिनं एक आवळला, मग समोरचा. पाना थांबला तिथं ती थांबली. मागं खुर्चीतून, काही न दिसता, आप्पा प्रत्येक नटाला म्हणाले, "साकु." पुरे. सहाव्या नटाला त्यांचं 'साकु' आणि तिचं थांबणं एकाच क्षणी झालं, आणि आप्पा हसले.

फत्तेसिंगनं ते हसणं ऐकलं. तबकातलं तेल हिंदकळलं.

"मी नव्या तेलाचा डबा आणतो," म्हणून तो बाहेर सरकला.

गोदावरी अजून आतच होती. तिनं हाक मारली, "वैनी, माझ्या पिशवीतली छोटी लाल बाटली दे ग."

भागीरथी वाकली. बाटली देताना तिनं आत डोकावून बघितलं. गोदावरी नखरंगाच्या कुंचल्यानं प्रत्येक नटावरून चकतीवर एक बारीक सरळ रेघ ओढत होती.

"अय्यो! गाडीला पण शृंगार का वन्सं?"

"लॅबमध्ये मीटरच्या स्क्रूंना असंच करते. मुलांनी स्क्रू फिरवला की रेघ तुटते. लगेच कळतं."

"इथं कोण मुलं आहेत फिरवायला?"

"सवय आहे, वैनी. सुम्ने, उगाच आपलं."

अडीच लिटर तेल मोजून आत गेलं. मानाजीरावांनी तेलाची काडी स्वतः पाहिली. गोदावरीनं ती त्यांच्यासमोर स्थिर धरली आणि ते तिच्यावर वाकले. जुनं तेल भागीरथीनं दरवर्षीप्रमाणे फाटकाच्या लाकडी खांबांना फासलं, वाळवी लागू नये म्हणून. या वर्षी तिनं एकाच खांबाला फासलं आणि उरलेलं तसंच ठेवलं.

*

दुपारी जेवणं झाल्यावर घर निजलं. फत्तेसिंगला झोप आली नाही.

तो व्हरांड्यात बसून शेडकडे बघत होता. तिनं ते काम नीट केलं असेल, याबद्दल त्याला शंका नव्हती, आणि हेच त्याला खुपत होतं. एकवीस अष्टम्या त्यानं आप्पांची दोन बोटं बघितली होती. कुठल्या नटाला किती, हे त्याला पाठ होतं. आप्पांचं 'साकु' तो मनात त्यांच्याआधी म्हणायचा. आणि ती एक सकाळ आली, बांगड्या काढल्या, आणि त्याच्या कानाशी आप्पा हसले.

एखादा तरी ढिला असेल.

तो उठला. एखादा ढिला निघाला तर तो सांगेल, हळूच, टोचून नाही, की गोदू, हे तुझं एवढं राहिलं होतं, मी बघितलं म्हणून बरं. बस, एवढंच. आप्पांनी ते ऐकायला हवं होतं.

गाडीखाली अंधार होता आणि त्यानं बॅटरी आणली नव्हती. बोटांनीच त्याला नट सापडत होते. पहिला घट्ट होता. त्यानं पाना लावून किंचित पुढं रेटला. किंचित तो गेला. मग दुसरा, त्यालाही तेवढंच दिलं, कारण सगळे सारखे हवेत. तिसरा, चौथा. पाना तोंडाशी धरला होता की शेंड्याला, हे नंतर त्याला आठवेना. पाचवा. प्रत्येक नट आधीच बसलेला होता आणि प्रत्येकाला तो थोडं स्वतःचं देत होता.

सहावा आधी घट्ट लागला. मग एकदम हलका झाला, आणि लोण्यात फिरावा तसा फिरू लागला.

फत्तेसिंग पडल्या जागी थांबला. हे हलकेपण त्याच्या बोटांना ओळखीचं होतं. अठरा वर्षांनी ते परत आलं होतं.

त्यानं नटाखाली बोट फिरवलं. कोरडं होतं. त्यानं थोडा वेळ वाट बघितली, पुन्हा फिरवलं. कोरडंच. कदाचित राहील, त्यानं स्वतःला सांगितलं. पाच तर आहेत. मग बाहेर येऊन तो नळावर हात धुऊ लागला. भागीरथी कपडे काढायला मागच्या अंगणात आली होती.

"अहो, सकाळी नव्हते धुतले का हात?"

"नखांत राहतं ते," तो म्हणाला.

तिनं त्याच्या नखांकडे पाहिलं, मग शेडकडे, आणि दोरीवरचा टॉवेल काढून त्याच्या हातात दिला.

*

नवमीच्या सकाळी भागीरथी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेली, कारण गाडीभोवतीची रांगोळी तिची होती. आदल्या संध्याकाळी तिनं पीठ टाकून मोठं कमळ काढलं होतं, नेमकं मागच्या चाकांच्या मध्ये. आता त्या कमळाच्या पोटात बशीएवढा तपकिरी डाग होता, आणि त्यावर वरून एक थेंब लोंबत होता.

तो पडेपर्यंत ती बघत राहिली. मग दुसरा धरायला लागला.

तिला कळायला फार वेळ लागला नाही. पण कळलेलं सगळंच बोलायचं नसतं, आणि कुणीतरी आधी बोलणार होतंच. तिनं आधी बोलायचं ठरवलं.

"मामंजी!" तिनं हाक दिली. "बघा हो इकडं येऊन! वन्संचे नट ढिले राहिले वाटतं."

मानाजीराव आले, धोतर सावरत. मागून गोदावरी, केस ओले, हातात झेंडूची माळ. फत्तेसिंग सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश.

"ढिले नव्हते," गोदावरी म्हणाली.

"मग हे काय आकाशातून पडलं? असू दे, होतं असं. रोजचा हात नसला की होतं. तुमची काय चूक? सांगणाऱ्यांनी सांगितलं, तुम्ही केलं." भागीरथी हे मानाजीरावांकडे न बघता बोलली. "मी पुसते आधी ते. पूजेच्या वेळी असं नको."

तिनं कोपऱ्यातलं फडकं उचललं, रॉकेलच्या बाटलीत बुडवलं आणि ती वाकून आत हात घालू लागली. त्या लाल रेघा तिला काल दिसल्या होत्या. रॉकेलानं एकदा जोरात पुसलं की बहुतेक निघतील.

"वैनी, राहू दे," गोदावरी म्हणाली.

"पुसते ना मी."

"राहू दे. आधी मला बघू दे."

दोघींचे हात त्या फडक्याच्या दोन टोकांना होते. भागीरथी हळू आवाजात म्हणाली, फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या, "वन्सं, तुम्ही परवा जाल. इथं आम्हाला राहायचंय."

गोदावरीनं फडकं सोडलं नाही. तिनं तिच्याकडे पाहिलं, आणि मग भागीरथीनंच ते सोडलं.

बॅटरी घेऊन गोदावरी गाडीखाली गेली. फत्तेसिंगला तिचे पाय दिसत होते, टाचेला भेगा पडलेले, एका बोटात जोडवं. बॅटरीचा उजेड एका जागी थांबला, मग गोल फिरला. सहा वेळा थांबत. ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर तेलाचा एक ठिपका होता.

"अण्णा," ती म्हणाली, "जाळी काढावी लागेल. पाना तूच घे. मी तबक धरते."

"मी कशाला?" फत्तेसिंग म्हणाला. "आप्पांनी तुला दिलं होतं."

"आता मी तुला देते."

तिचा आवाज नेहमीसारखा होता. तो तिच्या मागोमाग आत गेला. तिनं बॅटरी वर धरली, आणि पहिल्यांदा त्याला त्या दिसल्या. चकतीवर सहा लाल रेघा, मध्याकडून बाहेर गेलेल्या. आणि नटांवर त्यांचे पुढचे तुकडे, सगळे एकाच दिशेला सरकलेले, घड्याळाचे सहा काटे पुढं गेल्यासारखे. सहाव्याचा तुकडा तर उलट बाजूला पोचला होता.

"कधी ओढल्यास?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"तू डबा आणायला गेलास तेव्हा."

"तुझ्या वैनीला माहीत होतं?"

"बाटली तिनंच दिली."

त्यानं विचारलं, "मग बाहेर का नाही बोललीस?"

"बोलणार होते," गोदावरी म्हणाली. "खरं सांगू? बॅटरी लावली तेव्हा मला आनंद झाला. वाटलं, आता आप्पांना कळेल. नंतर वाटलं, एकवीस वर्षं तू इथं होतास आणि मी खिडकीत होते. आता तुला इथून काढलं तर मी सुटेन का खिडकीतून? म्हणून नाही बोलले. तुझ्यासाठी नाही."

"काय चाललंय आत?" बाहेरून मानाजीरावांनी विचारलं. "चकती बघ. वाकली आहे का?"

"वाकली आहे," फत्तेसिंग म्हणाला.

"म्हणजे जास्त आवळली. ढिली नव्हती." खुर्ची करकरली. "गोदूच्या सहाही नटांना मी काल 'साकु' म्हटलं होतं. माझे हात गेलेत, कान नाही. नंतर कुणी आवळली?"

भागीरथीनं तोंड उघडलं. "मामंजी, कदाचित रात्री थंडीनं लोखंड आकसून—"

"मी," गाडीखालून आवाज आला.

फत्तेसिंग बाहेर आला आणि उभा राहिला. हातात सहावा नट होता आणि नटात अडकून, इंजिनातून निघून आलेला स्टड. आट्यांत पांढरट धातूचा चुरा भरला होता.

"मी आवळली, आप्पा. काल दुपारी. तिचा एखादा तरी ढिला निघावा म्हणून बघायला गेलो. एकही निघाला नाही. म्हणून आवळली." त्यानं नट पुढं केला. "म्हणा आता काय म्हणायचं ते."

*

मानाजीरावांनी तो नट घेतला नाही. घेतला असता तर तो त्यांच्या हातात वाजला असता, आणि तो आवाज त्यांना कुणाला ऐकवायचा नव्हता.

श्रावणापासून ते एकच हिशेब मनात करत होते. फत्तेचा हात स्थिर होता. ते त्याला गाडी धुताना बघायचे, दाढी करताना बघायचे, सुईत दोरा ओवून भागीरथीला देताना बघायचे, आणि त्यांचा घास तोंडात फिरायचा. पोटच्या पोराचा हात बघवत नाही, हे कुणाला सांगणार? त्याला पाना दिला असता तर दशमीला चावी त्याची, आणि मग ती कायमची त्याची. गोदू मात्र परवा जाणार होती.

त्यांच्या ओठांवर ते वाक्य आलंही होतं. तुझा हात जड. अठरा वर्षं ते आपोआप येत होतं. स्टडच्या टोकाकडे बघताना ते तिथंच अडकलं.

"चौसष्ट साली तुझ्या हातात जो आला," ते म्हणाले, "त्याला दोरा होता. आठवतं?"

फत्तेसिंग बघत राहिला. "होता. पांढरा. मला वाटलं, कंपनीतूनच तसा येतो."

"तुझ्या आईच्या शिवणाच्या पेटीतला होता. त्रेसष्ट साली मीच जास्त आवळून त्याचे आटे घालवले होते. घाईत होतो. दोरा गुंडाळून लाखेनं चिकटवून परत बसवला. वर्षभर टिकला. तुझ्याऐवजी आणखी कुणी हात लावला असता तरी निघालाच असता."

पलीकडच्या घरी आयुधपूजेची घंटा वाजत होती.

"आणि तुम्ही मला म्हणालात..." फत्तेसिंग म्हणाला.

"म्हणालो. एकदा म्हटल्यावर परत घ्यायला जमलं नाही. दरवर्षी वाटायचं, या वर्षी. मग वाटायचं, शेजारी पडून तबक धरतो आहे, बरं चाललंय."

"बरं चाललंय!" भागीरथी म्हणाली. "अठरा वर्षं घरात कप फुटला की यांच्याकडे बघतात सगळे. माझ्या माहेरी बघतात. मी स्वतः बघते, मामंजी."

गोदावरी मानाजीरावांसमोर येऊन उभी राहिली.

"आप्पा, मला का दिलात पाना?"

"तुझी बोटं बारीक आहेत."

"मी परवा जाणार म्हणून दिलात ना?"

त्यांनी मनगट अजून घट्ट धरलं. ते उत्तर होतं. तिनं ते घेतलं, कपाळावरचा तेलाचा ठिपका मनगटानं पुसला आणि तो आणखी पसरला.

"आता पूजेचं काय?" थोड्या वेळानं भागीरथीनंच विचारलं. चार लिंबं तिच्या परातीत होती, एकेका चाकाखाली ठेवायची. "इंजिन तर चालू करता येणार नाही. तेल सगळं खाली येईल."

"हातभर तर पुढं न्यायची," मानाजीराव म्हणाले. "ढकलू."

फत्तेसिंग सवयीनं मागं गेला आणि त्यानं झाकणाला हात लावले.

"तू नाही. तू आत बस."

"मी? जोर कोण लावणार?"

"आत बस म्हटलं ना. सरळ ठेव आणि मी सांगितलं की ब्रेक दाब." खुर्चीचा हात धरून ते उठले. "चावी उद्या उचलायची नाही कुणी. गाडीच चालत नाही. लेथवाल्याकडून नवा स्टड बसवून येऊ दे. मग सहाही नट तू आवळायचे. तबक मी धरीन." जरा थांबून ते म्हणाले, "सांडेल. सांडू दे."

फत्तेसिंग दारापाशी थांबला. त्यानं एकदा बहिणीकडे पाहिलं. "आणि गोदू, तुझी ती बाटली इथं ठेवून जा. रेघा लागतील."

"बाटली माझी आहे," गोदावरी म्हणाली. "रेघा हव्या असतील तर मला बोलवा. मी घेऊन येईन."

ठोकळे काढले, हळदकुंकू झालं, झेंडूची माळ पुढच्या झाकणावर पडली. फत्तेसिंग बदामी कव्हरांवर जाऊन बसला. मागच्या गोल झाकणावर तिघांचे सहा तळवे टेकले: भागीरथीचे पिठानं पांढरे, गोदावरीचे काळे, मध्ये मानाजीरावांचे. त्यांना आता धरून ठेवायला दुसरा हात मोकळा नव्हता. त्यांचा उजवा तळवा पत्र्यावर थरथरत होता आणि ती थरथर पत्र्यातून गोदावरीच्या बोटांत येत होती, आत इंजिन चालू असल्यासारखी.

मागच्या काचेतून तिला अण्णाची मान दिसत होती. ताठ, आणि मागं न वळणारी. त्या मानेकडे बघताना तिच्या छातीत तेच जुनं काहीतरी हललं, खिडकीतलं. ते गेलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"वन्सं, जोर लावा की," भागीरथी म्हणाली. "का दोन बोटांनीच ढकलणार?"

गोदावरीनं दोन्ही तळवे सपाट केले आणि रेटा दिला. घोडी हातभर पुढं गेली. चारही लिंबं एकामागून एक फुटली. मानाजीराव ओरडले, "साकु!", आणि आत फत्तेसिंगनं ब्रेक दाबला, त्यांच्या शब्दाच्या जरा आधीच.